कुणाला कोणती बोट लागते?

मराठीत बोट धक्क्याला लागते आणि माणसालाही लागते. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या पिढीला दुसऱ्या अर्थाची ओळख जास्त होती. लिंबू हुंगत, आवळासुपारी चघळत, डेकवर वळकटी पसरून जागा धरायची आणि बोट धक्क्यापासून सुटली की डोळे मिटून घ्यायचे. किनाऱ्याला लागण्याची सोय नसलेल्या बंदरात आगबोट खोल पाण्यात उभी राही. मग डोक्यावर ट्रंक, कडेवर पोर अशा अवस्थेत पडावात उतरायचं. पावसाळ्यात सगळाच कारभार बंद. कुठली बोट आपल्या स्वभावाला मानवेल, असा प्रश्न कुणाला पडत नसे. गावाला जायचं असे आणि बोट तिकडे जात असे, एवढंच पुरे होतं.

आज मुंबईतच, बॅलार्ड पिअरला, माणसं बोटीत चढतात ती कुठे जायचंय म्हणून नव्हे, बोटीत राहायचंय म्हणून. बॅगांना खोलीच्या नंबराची पट्टी लावून त्या दारातच सोपवायच्या आणि संध्याकाळी खोलीच्या दारात परत भेटायच्या. वळकटी गेली, लिंबूही गेलं. त्यांच्या जागी आली ती निवड, आणि ती वाटते त्यापेक्षा अवघड आहे. बहुतेक घरांत ती तारीख आणि दर या दोनच गोष्टींवर होते. खरं तर हॉटेल आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलता येतं, बसमधून मधेच उतरता येतं. समुद्रात मात्र सोबतची दोन-तीन हजार माणसं, त्यांचं संगीत, त्यांच्या जेवणाच्या वेळा आणि त्यांची पोरं यांच्यासह राहायचं असतं.

हे समजून घ्यायला दोन जहाजं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. पहिलं मराठी वाचकाच्या ओळखीचं, ‘एम्प्रेस’. फ्रान्सच्या सँ नाझेर गोदीत बांधलेलं हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं पाण्यात आलं. पुढे बरीच वर्षं ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. सप्टेंबर २०२१ पासून ते ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ या भारतीय कंपनीसाठी मुंबईहून फिरू लागलं. दुसरं वायकिंग कंपनीचं ‘वायकिंग स्टार’, २०१५ सालचं. एम्प्रेसचं एकूण टनेज सुमारे ४८,५००, वायकिंग स्टारचं सुमारे ४७,८००. म्हणजे आकारानं जवळजवळ जुळी भावंडं. पण एका खोलीत दोघं असा हिशेब धरला तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी मावतात आणि वायकिंग स्टारवर फक्त ९३०.

जहाजाचं टनेज म्हणजे वजन नव्हे. ते जहाजाच्या पोटातल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी किती मोकळीक आहे याचा अंदाज येतो. एम्प्रेसचा आकडा ३०च्या आसपास येतो, वायकिंग स्टारचा ५१च्या. कुनार्डच्या ‘क्वीन मेरी २’चा ५५. जगातलं सर्वांत मोठं म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ज्याच्या पहिल्या सफरीचा गाजावाजा झाला, त्या रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चा आकडा ४४ निघतो. त्याचं टनेज २,४८,६६३, दोघांच्या हिशेबानं प्रवासी ५,६१० आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. हा भागाकार कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो, पण त्यातले दोन्ही आकडे दिलेले असतात. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम.

मोठा आकडा म्हणजे चांगलं जहाज, असं मात्र नाही. वायकिंगवर १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही आणि कॅसिनोही नाही. तिथे दुपारी वाचनकोपरे असतात, संध्याकाळी उद्याच्या बंदराच्या इतिहासावर व्याख्यान. निवृत्त प्राध्यापक दांपत्याला ते स्वर्ग वाटेल. कॉलेजातल्या दहा मित्रांचा तिथे दुसऱ्याच दुपारी जीव गुदमरेल. त्याच दहाजणांना एम्प्रेसवर पोहण्याच्या तलावाकाठी हिंदी गाण्यांवर नाचणारी गर्दी हीच मजा वाटेल.

प्रत्येक कंपनीचा असा एक पिंड असतो आणि तो बहुधा तिच्या इतिहासातून आलेला असतो. कुनार्डची सुरुवात १८४० सालची, ‘ब्रिटानिया’ या टपालवाहू आगबोटीपासून. अटलांटिक ओलांडणं हे या कंपनीचं काम आणि ऐट हा स्वभाव. ‘क्वीन मेरी २’ आजही साउदम्प्टन ते न्यूयॉर्क अंतर साधारण सात रात्रींत कापते. काही संध्याकाळी पुरुषांनी गडद सूट किंवा डिनर जॅकेट घालावं अशी अपेक्षा असते. मात्र आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो, त्यामुळे पैठणी आणि बंदगळा बिनधास्त बॅगेत टाकावेत. या जहाजावर कुत्र्यामांजरांसाठी स्वतंत्र खोल्या आहेत. कुत्र्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून त्यांच्या फिरायच्या डेकवर ब्रिटिश पद्धतीचा दिव्याचा खांब आणि अमेरिकी पद्धतीचा पाण्याचा बंबही उभा केलाय.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कार्निव्हल. टेड ॲरिसन यांनी १९७२ मध्ये एक जुनं जहाज घेऊन ‘मार्डी ग्रा’ नावानं मायामीतून पहिल्या सफरीवर काढलं आणि ते बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतलं. तिथून उभी राहिलेली कंपनी आज प्रचंड मोठ्या समूहाची धनी आहे. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, सीबोर्न आणि चक्क कुनार्डही त्याच समूहात आहेत. मालक एक असला तरी घरं वेगवेगळी. कार्निव्हलच्या जहाजावर आरडाओरडा, पाण्याच्या घसरगुंड्या आणि जत्रेचा माहोल असतो. १८७३ साली रॉटरडॅमला जन्मलेल्या हॉलंड अमेरिकेवर मात्र केस पिकलेली मंडळी जास्त, संगीत हळू आणि रात्र लवकर संपणारी. समूहाचं नाव बघून तिकीट काढणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली जेवणाची ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल ही जुनी शिस्त मोडली. हवं तेव्हा, हव्या त्या उपाहारगृहात, हव्या त्या कपड्यांत. २०१०च्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर त्यांनी एकट्या प्रवाशासाठी छोट्या खोल्या केल्या. त्याचं महत्त्व एकट्यानं फिरणाऱ्यालाच कळेल, कारण क्रूझचा दर माणशी असला तरी तो खोलीत दोघं धरून लावलेला असतो. एकट्यानं खोली घेतली की जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. जेवणाच्या बाबतीत डिस्नेनं उलटी युक्ती केली. तिथे कुटुंब दर रात्री वेगळ्या उपाहारगृहात जातं आणि वाढपी त्यांच्यासोबत फिरतात. पहिल्या रात्री ज्यानं पोराच्या ताटातलं चिकन बारीक करून दिलं, तोच तिसऱ्या रात्री न सांगता तसंच करून आणतो. डिस्नेच्या जहाजांवर कॅसिनो नाही. बऱ्याच खोल्यांत न्हाणीघर आणि संडास वेगळे असतात. सकाळी चारजणांना एकदम तयार व्हायचं असतं तेव्हा या दोन दारांची किंमत कळते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. ठाण्यातलं, आठ माणसांचं. आजी ७४ वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या. आजोबांना पथ्य. दोन मुलगे, दोन सुना, त्यांतली धाकटी जैन घरातली. थोरल्याची १५ वर्षांची मुलगी आणि धाकट्याचा अडीच वर्षांचा मुलगा. अशा घराची सहल बहुतेक वेळा पैसे देणारे मुलगे ठरवतात. खरं तर ती ठरवायला हवी अडीच वर्षांच्या नातवावरून.

कारण सगळ्यात जास्त नियम त्यालाच आहेत. रॉयल कॅरिबियनवर सहा महिन्यांखालचं बाळ घेतच नाहीत आणि लांबच्या समुद्रप्रवासाला वर्षाचं असावं लागतं. त्यांचा मुलांचा क्लब तीन वर्षांपासून, तोही मूल डायपरमधून सुटलेलं असेल तर. डायपरमधल्या बाळाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. फोटोत दिसणारा निळा तलाव आपल्या पिलूसाठी नाहीच, हे आईबापांना कित्येकदा जहाजावर पोचल्यावर समजतं. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी पाळणाघर आहे, पण त्याचे तासाला वेगळे पैसे पडतात. आणि घरात आणखी एक पाहुणा येऊ घातला असेल तर, बहुतेक मोठ्या कंपन्या २४ आठवडे पूर्ण होत आलेल्या गर्भवतीला जहाजावर घेत नाहीत.

१५ वर्षांच्या मुलीचा प्रश्न वेगळा. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत साधारण १३ ते १७ वयाच्या मुलांचा कट्टा वेगळा असतो आणि तिथे मोठ्यांना मज्जाव. त्या मुलीसाठी सगळी सहल यावरच ठरते. छोट्या, देखण्या, महागड्या जहाजावर तिच्या वयाचं दुसरं कुणीच नसेल, तर चार दिवस तिचं तोंड कसं असेल याची कल्पना तिच्या आईला आहे.

खोल्यांचा नकाशा तर आजीनंच बघावा. साध्या, खिडकी नसलेल्या खोलीचा आकार बऱ्याच जहाजांवर दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट. चाळीतली एक खोली म्हणा ना. ‘चार माणसांची खोली’ म्हणजे खाली जोडलेले दोन पलंग आणि रात्री छतातून किंवा भिंतीतून खाली येणाऱ्या दोन फळ्या. त्यांवर शिडीनं चढायचं. हा शोध आजी-आजोबा नातवंडांबरोबर एका खोलीत शिरल्यावर लागतो. न्हाणीघराच्या दाराशी उंबरा असतो आणि रात्री अंधारात गुडघेदुखीला तोच नडतो. व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या खोल्यांत तो नसतो. पण त्या मोजक्याच असतात आणि फार आधी भरतात. आणि बोट लागायची भीती असेल तर? एसटीच्या मागच्या बाकावर जे होतं तेच जहाजाच्या टोकाला होतं. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. वरची बाल्कनीवाली महाग खोली घेऊन चार दिवस पडून राहण्यापेक्षा खालची स्वस्त बरी.

धाकट्या सूनबाईंच्या ताटाचं काय? या एका बाबतीत आशियातल्या जहाजांनी भारतीयांचा विचार आधीपासून केलेला दिसतो. सिंगापूरहून फिरणारं ‘गेंटिंग ड्रीम’ जर्मनीच्या पापेनबुर्गमध्ये बांधलेलं, २०१६चं. मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली. त्याच वर्षी जूनमध्ये हे जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसच्या नावानं पुन्हा सुरू झालं. हलाल, शाकाहारी आणि जैन असं तिन्ही प्रकारचं जेवण ही त्याची जाहिरातीतली मुख्य ओळख, म्हणून मुंबई-अहमदाबादच्या सहल कंपन्यांच्या यादीत ते असतंच. कॉर्डेलियावर तर जैन जेवण गृहीतच. अमेरिकी जहाजांवर शाकाहार मिळतो. कार्निव्हलच्या मुख्य भोजनगृहात रात्री भारतीय शाकाहारी पदार्थ असतो. पण कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, हे आरक्षण करतानाच लिहून द्यावं लागतं आणि पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला तोंडीही सांगावं लागतं.

तो मुख्य वाढपी गोव्याचा निघण्याची शक्यता बरीच. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर गोव्याचे स्वयंपाकी आणि खानसामे पिढ्यान् पिढ्या होते, तसे डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी. जहाजाची वाट बघत हे तारवटी मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या ‘कुडां’त राहत. प्रत्येक गावाची आपली कूड, खोलीत रांगेनं लावलेल्या पेट्या, भिंतीवर गावच्या संताची तसबीर. आजच्या मोठ्या क्रूझ कंपन्यांतही गोव्याची माणसं भरपूर आहेत. आजोबांच्या पथ्याचं भात-वरण छापील यादीत नसतं. ते अशा माणसाशी कोकणी-मराठीत दोन वाक्यं बोलून मिळतं.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं वेड गेल्या चार-पाच वर्षांतलं वाटतं, पण प्रयोग जुने आहेत. २००५ नंतर काही हंगाम स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ इथून फिरलं. डिसेंबर २०१६ मध्ये इटालियन कोस्टाचं ‘निओक्लासिका’ मुंबई-मालदीव मार्गावर आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये जपानी बांधणीची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली. विजयदुर्गसमोर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया प्रवाळभित्तीचं, म्हणजे पर्यायानं आंग्रे घराण्याचं नाव असलेली ही बोट फार हंगाम टिकली नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारच्या ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली तीही मुंबई बंदरात, एम्प्रेसवरच. पण समुद्राचा जुना कायदा बदललेला नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की कोकणची बोट बंद होई. कॉर्डेलियाही पावसाळ्यात चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करते.

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईवडिलांची क्रूझ बहुधा अलास्काची असते. उन्हाळा, हिमनद्या, जावयाची रजा, सगळं जुळून येतं. एक गोष्ट मात्र राहून जाते. १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यानं परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून, मधे कुठल्याही परदेशी बंदराला न लागता, अमेरिकी बंदरात परत येता येत नाही. म्हणून सिएटलहून निघणारी जहाजं परतताना बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्ट आणि फक्त अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असलेल्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागतो. युरोपातही तसंच. बार्सिलोनाहून ट्युनिसला जाऊन परत यायचं तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. आधी व्हिसाचे कागद, मग कंपनी, असा क्रम ठेवला तर निम्म्या सफरी आपोआप गळतात.

बंदरांच्या नावांवरही फार विश्वास ठेवू नये. माहितीपत्रकातलं ‘रोम’ म्हणजे चिव्हिताव्हेक्या, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, रस्त्यानं शंभराहून जास्त. लोणावळ्याला उतरवून मुंबई दाखवली म्हणण्यातला हा प्रकार. व्हेनिसची तर गोष्टच बदलली. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहरालगतच्या ज्युडेका कालव्यातून जायला बंदी आहे. जहाजाच्या गच्चीवरून व्हेनिसचे घुमट सरकताना दिसायचे, ती जुनी छायाचित्रं आता मोठ्या जहाजांपुरती जुनीच राहिली.

राहिला दर. जाहिरातीतला आकडा माणशी आणि फक्त खोली, जेवण, करमणूक यांचा. बंदर शुल्क बऱ्याचदा वेगळं, आणि इंटरनेट, दारू, किनाऱ्यावरच्या सहली तर वेगळ्याच. अमेरिकी कंपन्या सेवाशुल्क म्हणून दर माणशी दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढवतात. १६ डॉलर धरला तरी चौघांचे सात रात्रींचे ४४८ डॉलर झाले, आणि लहान मूल धरूनच चौघं. दारूच्या पॅकेजचा काही कंपन्यांतला नियम गमतीचा आहे. एका खोलीतल्या एका प्रौढानं घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायचं. चतुर्थीचा उपास करणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्यामुळे वारुणीचं बिल, असा हा संसार. सीबोर्न किंवा सिल्व्हरसीसारख्या महाग कंपन्यांत बख्शीस आणि मद्य दरातच धरलेलं असतं. त्यामुळे तुलना करायची तर शेवटच्या बिलांची करावी.

बाकी कुठलीही कंपनी घ्या, एक काम सर्वांना करावंच लागतं. संकटात कुठे जमायचं, याची कवायत. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ जण गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झाली पाहिजे असं ठरलं. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीत सहाशेहून अधिक माणसं बुडाली, ती आठवण रायगडच्या घरांत अजून आहे. म्हणूनच की काय, कवायतीच्या भोंग्याला नातवंडं हसतात तेव्हा दटावते ती आजीच.

ठाण्याच्या त्या घरानं आधी सिंगापूर ठरवलं असतं, पण नातू सहा महिन्यांत तीन वर्षांचा होणार आणि डायपर सुटला तर तलाव तेव्हा त्याचा होणार. म्हणून मोठी सफर पुढच्या वर्षीवर ढकलून आधी मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्री करून बघायचं ठरतं. सगळ्यांना बोट लागते का, तेही कळेल. खालचा मजला, मधली खोली, जैन जेवण, आजीसाठी उंबरा नसलेलं न्हाणीघर, अशी यादी होते. मुलगे दर काढून बसतात. आजी एवढंच विचारतात, माहेराकडचा जयगडचा दिवा रात्री दिसेल का? धाकटा मुलगा नकाशा उघडतो. गोव्याकडे जाताना किनारा जहाजाच्या डाव्या अंगाला, परतताना उजव्या. मग खिडकीची एकच खोली घ्यायची तर डावीकडची घेऊ, जाताना मी जागी असते, येताना झोपेन, असं आजी सांगतात, आणि अर्जात खोलीची बाजू लिहिली जाते.